आडोसा

औषधाच्या दुकानात, काउंटरपाशी उभं राहून प्यावं लागतं.
हिरवं, गोडसर, खोकल्याच्या औषधासारखं दिसणारं.
फार्मासिस्ट म्हणतो, आता पाणी पी. आता काहीतरी बोल.
घोट गालात धरून मी पळाले नाही
हे त्याला कळायला हवं ना.
मी म्हणते, "आज धुकं आहे."
डंडीत बहुतेक सकाळी हे खरंच असतं.

सातवा महिना. कोटाची बटणं लागत नाहीत.
मागे रांग. सर्दीवाले, रक्तदाबवाले,
आणि टूथब्रश घ्यायला आलेली एक बाई,
जी आधी पेल्याकडे बघते, मग पोटाकडे,
मग पुन्हा पेल्याकडे.
तेवढ्यात आतलं एकदा कूस बदलतं.

डॉक्टरीण म्हणाली होती, एकदम सोडू नकोस,
तू सोडलंस तर ते तुला सोडून जाईल.
हे रांगेला कसं सांगू?
रांगेला कान नसतात.

सेंगा आली ती एका बुधवारी.
ओळख ना पाळख. साठीची, ऐसपैस बाई,
आई तागाच्या गिरणीत बहिरी झालेली
म्हणून ही अजून सगळ्या जगाशी ओरडून बोलते.
माझ्याकडे पाठ करून उभी राहिली,
कोटाचे दोन्ही पदर धरून
चादर झटकावी तसे पसरले
आणि अख्ख्या रांगेला
स्वतःच्या डाव्या गुडघ्याची कहाणी सांगू लागली.
उजव्या बाजूला मॉर्वेन, तिची बाबागाडी आडवी.
पुढे काउंटर.
मी प्यायले.
त्या दिवशी धुक्याबद्दल बोलताना
माझा आवाज घरातल्यासारखा आला.

मंगळवारी चर्चच्या मागच्या खोलीत सूप असतं.
किती दिवस झाले, कुणी विचारत नाही.
विचारतात एवढंच, जेवलीस का?
मॉर्वेन ऑक्टोबरात पुन्हा गेली.
फेब्रुवारीत दारात उभी राहिली, ओठ फुटलेले,
बाबागाडी नाही.
सेंगानं पळी खाली ठेवली नाही.
जेवलीस का?

मधे रोना झाली.
तिसऱ्या दिवशी थरथरू लागली.
नर्स कागदावर मांडायची: शिंक, एक. कंप, दोन.
ते किंचाळणं, तीन.
पाटी-पेन्सिलीआधीच माझ्या लेकीला गुण मिळाले,
जितके कमी तितकी हुशार.
मी म्हटलं, हे मी केलं.
नर्स म्हणाली, हो. आता तिला उचल.
अकरा रात्री, दिवा मंद करून,
आम्ही पाळीपाळीनं तिला छातीशी धरलं.
माझी पाळी संपली की
सेंगा कोटाच्या आत तिला घेऊन बसायची
आणि जन्मात पहिल्यांदाच हळू बोलायची.
काय बोलायची ते मला अजून माहीत नाही.

रोना आता दोन वर्षांची आहे. चावते.
आज मी मिरेनसाठी आले, वय एकोणीस,
पोट नुकतंच दिसू लागलेलं.
कोट उघडला, पसरला,
रोनानं एक टोक मुठीत धरलं, आपणही काहीतरी करतोय म्हणून.
तोंड रांगेकडे.
आणि पहिल्यांदाच दिसलं, रांगेला चेहरे आहेत.
एक म्हातारा बुटांकडे बघतोय. एकीचे डोळे भरलेत.
एक बघतेय तशीच, पेला शोधत,
तिला मी माझ्या दाढेचं दुखणं सांगायला घेतलं.

मागे पेला उचलल्याचा आवाज.
वळून बघावंसं फार वाटलं.
नीट घेतेय ना, हात कापतोय का,
मी तशी दिसायचे का.
पण आडोसा धरणाऱ्यानं आत बघायचं नसतं.
म्हणजे सेंगानं मला पिताना
एकदाही पाहिलेलं नाही.
इतक्या सकाळी. एकदाही नाही.

पाणी पी, फार्मासिस्ट म्हणाला. आता काहीतरी बोल.
मिरेनला काही सुचेना. मग म्हणाली,
"आज धुकं आहे."

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.
तो म्हणाला, "हो. दाट आहे."